आर, आर, आर

आज आईचा युरिन कल्चरचा रिपोर्ट आला, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतं ते बघायच्या तपासणीचा. सात रस्त्याला गाडी बाजूला घेऊन तिथंच उघडला. औषधांच्या नावांपुढं नुसतं आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. एस, म्हणजे लागू पडणारी, मोजून तीन, त्यातली दोन इंजेक्शनं.

डॉक्टर तरुण, पण सरळ बोलले. "कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. पेशंट तापानं फणफणलेला, नातेवाईक डोक्यावर. अंदाजानं अँटिबायोटिक सुरू करावंच लागतं. रिपोर्ट आल्यावर बदलायचं मात्र बऱ्याचदा राहून जातं." मग आईकडं वळून, "काकू, आधी काय काय घेतलंत?"

आई गप्प.

घरी तिच्या डब्यात अर्धवट राहिलेल्या तीन स्ट्रिप सापडल्या, तिन्हींवर लाल रेघ. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, याची खूण ती. "मेडिकलवाल्यानं दिल्या की!" एक तर माझ्याच सर्दीतली उरलेली. सर्दी व्हायरसची, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, तरी मीच मागून आणलेली.