बॅरलमध्ये शिसं धरतंय? आधी मायक्रोमीटर काढा

.३५७ इंच मापाच्या रिव्हॉल्व्हरमधून ओतीव शिशाच्या पन्नासेक गोळ्या झाडाव्यात, बॅरल उजेडाकडे धरून आत पाहावं, तर खाचांच्या कडेला करडे, चकचकीत पापुद्रे दिसतात. नखानं निघत नाहीत, ब्रशला दाद देत नाहीत. अशा वेळी इथे अमेरिकेत कुठल्याही रेंजवर सल्ला ठरलेला: 'मिश्रधातू मऊ पडलाय, अजून कडक कर.' बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. कडकपणा हा मुद्दा आहे, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा. पहिला मुद्दा मापाचा.

(हे सगळं अमेरिकेतल्या, घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी आहे. भारतात शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे.)

शिसं नेमकं कशानं धरतं? गोळी बॅरलच्या खाचांपेक्षा केसभर बारीक असली की मागचा तापलेला वायू बाजूच्या फटीतून पुढे निसटतो. तो गोळीची कड कापत, वितळवत जातो आणि तेच शिसं पुढच्या पोलादावर फासलं जातं. पुढची गोळी त्या थरावरून घासत जाते आणि आपला थर त्यावर चढवते. कडक मिश्रधातूची गोळी मागच्या दाबानं फुगून ती फट बुजवत नाही, म्हणून कडकपणा वाढवला की बारीक गोळीचा त्रास उलट वाढतो. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जास्त दाबाचं काडतूस बाजारात आलं तेव्हा कारखान्यातल्या मऊ शिशाच्या गोळ्या त्या वेगाला टिकत नव्हत्या. तेव्हापासून 'कडक हवी' हे डोक्यात बसलं असावं. पण .३८ स्पेशल या कमी दाबाच्या, हलक्या काडतुसाला तोच नियम लावणं म्हणजे म्हैस दूध देत नाही म्हणून गोठा बदलण्यासारखं आहे.

तर मापं. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. बॅरल साफ करून तेलाचा हात फिरवा. मासेमारीचं शुद्ध, मऊ शिशाचं वजन घ्या, खाचांच्या मापापेक्षा थोडं जाड. ते तोंडाच्या बाजूनं हलक्या हातोडीनं आत बसवा आणि पितळी दांड्यानं ढकलत न्या. लाकडी दांडा वापरू नका. तो तिरका फाटतो आणि पाचरीसारखा अडकतो. ढकलताना हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष ठेवा. बॅरल जिथे फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते तिथे दांडा एकदम जड झाला, तर बॅरल तिथे आवळलेली आहे. मग बाहेर आलेलं माप त्या आवळलेल्या जागेचं असतं, बाकी बॅरलचं नव्हे. म्हणून दुसरा तुकडा तोंडातून इंचभरच आत घालून उलट बाहेर काढा आणि दोन्ही मापं ताडून बघा.

मोजायला मायक्रोमीटरच हवा. व्हर्निअर एका हजारांश इंचाला सहज फसवतो आणि इथे सगळा खेळ एक-दोन हजारांशाचा आहे. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खाचा पाच असतात, म्हणजे खाचेसमोर खाच येतच नाही. साध्या मायक्रोमीटरनं तिथे खरा व्यास मिळत नाही, व्ही आकाराच्या बैठकीचा लागतो. तो नसेल तर सिलिंडरच्या थ्रोटवरून, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाच्या पुढच्या अरुंद भागावरून, काम भागतं.

नियम असा: गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंच मोठी. खाचा ०.३५७ तर गोळी ०.३५८. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाला खाचा ०.४५१ असतील तर ०.४५२. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र बॅरलच्या आधी थ्रोट लागतो, आणि तोच घट्ट असेल तर मोठी गोळी घालून उपयोग नाही. थ्रोट तिला आधीच पिळून बारीक करतो आणि बॅरलमध्ये ती सैल पोचते. परीक्षा सोपी आहे. रिकामा सिलिंडर काढा, नुसती गोळी पुढच्या बाजूनं थ्रोटमध्ये ठेवा. बोटानं किंचित दाबल्यावर सरकली तर उत्तम. आपोआप घरंगळली तर गोळी बारीक आहे. अजिबात गेली नाही तर थ्रोट घट्ट आहे, आणि मग गनस्मिथकडून सगळे थ्रोट एका मापाला रीम करून, म्हणजे कोरून मोठे करून घ्यावे लागतात. सहाही तपासा. एक वेगळा निघतो कधी कधी.

९ एमएम पिस्तूलवाल्यांची गोष्ट निराळी, आणि डोकं खाणारी. गोळी ०.३५७ ची, बॅरल ०.३५५५ ची, वंगण व्यवस्थित, तरी शिसं धरतंच. चोर असतो केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत. ९ एमएमची केस तळाकडे जाड होत जाते, आणि बाजारातल्या डायचा (केसला आकार देणाऱ्या साच्याचा) एक्सपांडर, म्हणजे केसचं तोंड रुंद करणारा दांडा, ०.३५५ च्या तांब्याच्या कवचाच्या गोळीसाठी घडवलेला असतो. लांब, जड शिशाची गोळी खोल बसवली की केसच तिला आवळते. वर क्रिम्पच्या, म्हणजे केसचं तोंड शेवटी दाबून बसवायच्या डायमध्ये कार्बाइडची कडी असली तर ती भरलेलं काडतूस बाहेरून पुन्हा दाबते. कार्बाइडची कडी आणि पितळेची केस यांच्यामध्ये शिशाचं काय चालणार?

यावर उपाय एकच: पाहणं. दारू नाही, प्रायमर नाही, असं एक डमी काडतूस नेहमीच्या सेटिंगवर बनवा. हातोडीच्या पुलरनं (हातोडीसारखं आपटून गोळी सोडवायच्या साधनानं) गोळी बाहेर काढा आणि तिचा तळ मोजा. ०.३५७ ची गेलेली गोळी ०.३५५ होऊन आली तर चोर सापडला. जाड एक्सपांडर लावा, कार्बाइडची कडी बाद करा, गोळी बसवणं आणि क्रिम्प या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवा. क्रिम्पनं फक्त केसच्या तोंडाचा फुलोरा सरळ करायचा, गोळीला चिमटायचं नाही. मग पुन्हा डमी बनवून सुट्या बॅरलमध्ये टाका. टक् असा आवाज करून बसली पाहिजे आणि बोटानं गोल फिरली पाहिजे.

मापं जमल्यावर कडकपणा. ढोबळ हिशेब असा: ब्रिनेल आकडा (कडकपणाचं माप) गुणिले १४२२, म्हणजे ज्या दाबाला गोळीचा तळ फुगून फट बुजवू लागतो तो पीएसआयमधला (पाउंड प्रति चौरस इंच) दाब. १२ ब्रिनेलला साधारण १७,००० येतात, आणि .३८ स्पेशलची कमाल मर्यादाही १७,०००च. म्हणून दुकानातल्या १८ ते २२ ब्रिनेलच्या 'हार्ड कास्ट' गोळ्या हलक्या .३८ मध्ये शिसं सोडतात. शुद्ध शिसं ५ च्या आसपास. नव्वद टक्के शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी हा लायमन नंबर दोन नावाचा मिश्रधातू १५ च्या आसपास. मॅग्नमच्या पूर्ण दाबाला तो पुरतो. त्यापुढे तळाला तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक लावणं बरं, पण साचा तसा हवा. गोळीचा तळ मात्र कुठल्याही धातूत सपाट आणि अखंड हवा. साच्यावरची पट्टी धातू गोठायच्या आत सरकवली तर तळाला खड्डा पडतो आणि वायूला वाट मिळते. असा नग परत भांड्यात टाकायचा, दया नको.

वंगणापेक्षा हल्ली पावडर कोटिंग सोपं. रिसायकल क्रमांक ५ च्या प्लास्टिक डब्यात गोळ्या, काळे एअरसॉफ्ट छर्रे (खेळण्यातल्या बंदुकीचे प्लास्टिकचे मणी) आणि चमचाभर पॉलिएस्टर पावडर घालून मिनिटभर गोल हलवायचं. चिमट्यानं उचलून २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं भाजायचं. हा ओव्हन परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, कधीच नाही. थंड झाल्यावर एक गोळी ॲसिटोनच्या बोळ्यानं पुसा आणि एक हातोडीनं चपटी करा. रंग बोळ्यावर आला किंवा पापुद्रा उडाला तर भाजणं कच्चं. कोट जाडी वाढवतो, म्हणून साइझिंग, म्हणजे गोळी दाबून नेमक्या मापाला आणणं, नंतरच. पाण्यात टाकून कडक केलेली गोळी भाजताना पुन्हा मऊ पडते. हवं तर ओव्हनमधून थेट पाण्यात टाका.

शिसं कुठे धरलंय त्यावरून रोग कळतो. फोर्सिंग कोनपाशी (रिव्हॉल्व्हरच्या बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडाशी) किंवा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे असेल तर माप. फक्त तोंडाकडे असेल तर वंगण संपलं. रायफलिंगच्या, म्हणजे पिळाच्या खाचांच्या, एकाच कडेला असेल तर वेगाच्या मानानं धातू मऊ.

साफ करायला शुद्ध तांब्याची घासणी घ्या. दुकानात चुंबक लावून बघा, काहींच्या आत पोलाद असतं. तिचे धागे जुन्या ब्रशवर गुंडाळून कोरडेच फिरवा. पापुद्रे सुयांसारखे बाहेर पडतात. तांब्याच्या कवचाची गोळी झाडून शिसं 'काढणं' बंद करा, त्यानं दाब वाढतो. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड शिसं विरघळवतात खरे, पण तयार होतं विषारी, पाण्यात विरघळणारं लेड ॲसिटेट, आणि पोलादही खाल्लं जातं. कवचाच्या गोळ्यांनी बॅरलमध्ये सोडलेलं जुनं तांबं आधी पूर्ण काढा, त्यावर शिसं चटकन बसतं. निघालेले पापुद्रे ओल्या कागदात गुंडाळून बंद डब्यात टाका आणि हात गार पाण्यानं धुवा.