संस्थेचं नाव बदललं, पण उताऱ्यावर बदलेना: माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या नावात तालुक्याचं नाव होतं आणि काम केव्हाच तालुक्याबाहेर गेलं होतं. बचत गट, पाणलोट, गावपातळीवरची प्रशिक्षणं, बहुतेक सगळं सरकारी अनुदानावर. नाव बदलायचं ठरलं, विशेष सर्वसाधारण सभेत ठराव झाला, नाव बदलाचं प्रमाणपत्रही फारशी खळखळ न होता मिळालं.

महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्थांची नोंद सहसा दोन कायद्यांखाली असते: 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. एकीकडे नाव बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, दाखल करावा लागतो. आम्ही तो वेळेत केला. सुनावणी झाली, मंजुरीचा आदेश झाला, आम्ही पेढे वाटले.

आणि इथेच घोडं अडलं. बँकेला आदेश चालेना, नव्या नावाचा शेड्यूल वनचा उतारा हवा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या आमच्या नोंदीची नक्कल. उतारा काढला तर न्यासाच्या (म्हणजे आमच्या संस्थेच्या) नावापुढे जुनंच नाव. आदेशाचा अंमल नोंदवहीत घेतलाच नव्हता. टेबलावर विचारलं की "फाईल साहेबांकडे आहे", साहेबांकडे विचारलं की "खाली पाठवलीय". दरम्यान अनुदानाचा पुढचा हप्ता मंजूर झाला तो नव्या नावाने, कारण अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याला आम्ही ठराव आधीच कळवला होता. बँक खातं जुन्या नावाचं, त्यामुळे पीएफएमएसवर (सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) बँक खात्याची पडताळणी नामंजूर. पैसे तयार, पण घेता येईनात. गावोगाव फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या मानधनाविना काम करत राहिल्या. एकीने पदरच्या पैशाने एसटीचं तिकीट काढून प्रशिक्षण घेतलं, हे कळलं तेव्हा फार संताप आला. सही झालेल्या आदेशाची एक ओळ वहीत चढवायला कुणाला कसली अडचण होती?

शेवटी तोंडी विचारणं बंद केलं. आदेशाची तारीख आणि अर्ज क्रमांक घालून लेखी अर्ज दिला, आवक क्रमांकाचा शिक्का आमच्या प्रतीवर घेतला आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तीच प्रत पुढे ठेवली. अंमल झाला. लाल शाईत जुन्या नावावर रेघ, खाली नवं नाव आणि आदेशाचा क्रमांक. तो उतारा हातात घेऊन मी कार्यालयाच्या पायरीवरच बसले.

म्हणून सांगते, आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज द्या आणि अंमलासाठी वेगळा अर्ज द्या. उतारा येईपर्यंत अनुदान देणाऱ्या खात्याला नवं नाव कळवायची घाई करू नका. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नावाची दुरुस्ती करायची. ती बँकेच्या आधी करा. टॅन (करकपातीचा क्रमांक) आणि दर्पण पोर्टल (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) विसरू नका. हो, आणि जुनी कागदपत्रं देताना एक गोष्ट: 1950 च्या कायद्याच्या नावात आधी 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. प्रमाणपत्रावर जुनं नाव दिसलं म्हणून कुणी शंका काढली तर गांगरू नका.

जुन्या नावाने आलेल्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) देताना नव्या नावाखाली 'पूर्वीचे नाव' लिहून नोंदणी क्रमांक टाका. लेटरहेडवरही ती ओळ निदान पुढचं ऑडिट होईपर्यंत राहू द्या.