पंधरा हजारातली स्की

आमच्या मामेभावाचं गणित अगदी साधं होतं. चांगल्या परदेशी स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरायला पायाला लावायच्या लांब फळ्यांची, जोडी इथपर्यंत येता येता साठ-सत्तर हजाराला पडते आणि तिच्यात असतं काय, तर थोडं लाकूड, थोडं ग्लास फायबर, रेझिन, खाली प्लास्टिकची पट्टी आणि कडेला स्टीलची धार. मटेरियलचे धरा पंधरा हजार, उरलेले सगळे कंपनीच्या नावाचे, मग आपणच बनवू. हे तो कुठं बसून सांगत होता तर वाळूज एमआयडीसीत, कुलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्या शेडमध्ये, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि सगळ्यात जवळचा बर्फ म्हणाल तर समोरच्या रसवंतीवाल्याकडचा.

भाऊ (सगळे त्याला भाऊच म्हणतात) गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करून आला आणि तिथून हे खूळ घेऊन आला. मराठवाड्यातल्या माणसाला स्की कशाला पाहिजे हे वहिनी सोडून कुणी विचारलं नाही, कारण आपल्याकडं असं विचारत नसतात, मदतीला जातात आणि मग चहा पिता पिता हसतात. मी पण त्यातलाच.

तर स्की म्हणजे थरावर थर असतात. मधी लाकडाचा गाभा, टोकाला जेमतेम दोन मिलिमीटर आणि पायाखाली दहा-अकरा, त्याच्या वर-खाली रेझिनमधी भिजवलेलं ग्लास, सगळ्यात खाली बेस आणि बेसच्या कडेनं स्टीलची धार, तिला एज म्हणतात. बेसचं प्लास्टिक साधं नसतं, यूएचएमडब्ल्यू नावाचं पॉलिथिलीन असतं, लय चिवट आणि गुळगुळीत. गुडघा बदलतात तेव्हा दोन धातूंच्या मधी बसवतात ते पण ह्याच जातीचं, म्हणजे आमच्या आत्याच्या गुडघ्यात आणि भाऊच्या स्कीत एकच माल. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणली मग तुझी स्की पण जिना चढताना कुरकुर करणार बघ.

आता गंमत अशी की हा बेस एका जोडीपुरता देताना सगळे तोंड वाकडं करतात. तो येतो रोलमधी. स्टीलच्या पट्ट्या पण तशाच, गठ्ठ्यानं. दहा जोड्यांचा माल घ्या तर भाव बरा आहे, एका जोडीचा मागाल तर माल कमी आणि कुरिअर जास्त, त्यावर कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी, आणि लांब डबा आहे म्हणून वजनाऐवजी आकारमानावर भाडं. भाऊनं दहा जोड्यांचा माल मागवला. का, तर "स्वस्त पडतोय." पंधरा हजार इथंच संपले आणि अजून लाकडाला हात लागायचा होता.

लाकडाचं तर विचारूच नका. आपल्याकडं सागवान मिळतं पण ते तेलकट, एपॉक्सी, म्हणजे थर चिकटवायचं रेझिन, त्याला नीट धरत नाही, आणि बाभळीचा गाभा घातला तर स्की उचलायलाच दोन माणसं लागतील. बाहेरचे लोक पॉप्लर, मेपल, अॅश असलं वापरतात. पॉप्लर आपल्या देशात पण भरपूर आहे, पंजाब-हरियाणात शेताच्या बांधाला लावतात, यमुनानगरच्या प्लायवूडवाल्यांचं अर्धं काम त्यावर चालतं. पण चार फळ्या यमुनानगरहून वाळूजला आणायच्या म्हणजे फळ्यांपेक्षा ट्रान्सपोर्टची बिल्टी मोठी झाली.

रेझिनमधी तरी वाचेल असं वाटलं होतं, कारण शेडमध्ये रेझिनचे ड्रम पडलेलेच. पण ते पॉलिस्टर. कुलरच्या बॉडीला चालतं, कोबाल्ट टाका, कॅटालिस्ट टाका, मॅट टाका, रोलर फिरवा, झालं. ते सुकताना आकसतं आणि लाकडाला मनापासून चिकटत नाही, स्की वाकली की थर सुटणार. म्हणून एपॉक्सी, ते कितीतरी पट महाग, आणि त्याला आपलं ऊन सोसत नाही. बावीस डिग्रीला जे मिश्रण अर्धा तास हातात राहतं ते बेचाळीसला सात-आठ मिनिटांत मगातच उकळल्यासारखं गरम होतं, धूर निघतो आणि मगासकट दगड. त्यामुळं भाऊ पहाटे चारला उठून रेझिन लावायला लागला. शेवटी शेडच्या कोपऱ्यात पार्टिशन टाकून एसी बसवला. तो एसी कुठल्या खात्यात गेला माहितेय का, "कामगारांची सोय."

हे मला फार आवडलं. लपलेला खर्च म्हणतात पण खर्च काही आपण होऊन लपत नाही, त्याला कुणीतरी पोत्याखाली ढकलावं लागतं. भाऊच्या वहीत पहिल्या पानावर लाकूड, ग्लास, रेझिन, बेस, एज एवढंच, तेही एकाच जोडीपुरतं. कंप्रेसर वहीत नाही कारण तो तसाही घ्यायचाच होता. थर दाबायच्या प्रेसचे गर्डर नाहीत कारण ते जालन्याहून भंगारात किलोवर आणलेत, उद्या विकले की पैसे परत. बँडसॉ नाही कारण त्याच्यावर घरातली कपाटं पण होतील (झालेली नाहीत, वहिनी अजून वाट बघते). हातमोजे, अॅसिटोन, सॅंडपेपर, मास्क, मिसळायचे मग, राउटरची पाती, जी ग्लास कापताना शिसपेन्सिलीसारखी झिजतात, हे सगळं "किरकोळ". आणि मजुरी शून्य. हाच माणूस गिऱ्हाइकाला टाकीचं कोटेशन देताना मजुरी, वीज, वेस्टेज, शेडभाडं सगळं लावतो, एक रुपया सोडत नाही बरं का, आणि स्वतःच्या दोन फळ्यांसाठी महिनोन्महिने फुकट राबला.

प्रेस मात्र बघण्यासारखा आहे, ते कबूल. खाली गर्डर, वर गर्डर, मधी स्कीच्या आकाराचा एमडीएफचा साचा आणि त्याच्यावर आगीच्या बंबाची जुनी नळी, दोन्ही तोंडं बंद केलेली. नळीत हवा भरायची, चाळीस पीएसआय. आकडा ऐकायला ट्रकच्या टायरपेक्षा कमी वाटतो पण स्कीची लांबी-रुंदी धरून हिशोब केला तर पाच-सहा टन दाब येतो. पहिल्यांदा हवा भरली तेव्हा गर्डर कण्हल्यासारखे वाजले आणि आम्ही सगळे आपोआप शेडच्या बाहेर येऊन उभे राहिलो, भाऊ सकट.

पहिली जोडी वाकडी निघाली. गरम असतानाच बाहेर काढली, आणि प्लास्टिक निवताना स्टीलपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, म्हणून स्कीनं मान टाकली. पण ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेत हॉवर्ड हेड म्हणून विमान कंपनीतला इंजिनिअर होता, त्यानं 1947 मधी धातू-लाकडाच्या थरांची स्की करायला घेतली, पोकरमधी जिंकलेले पैसे त्यात घातले असं सांगतात, आणि तीन वर्षं एकामागून एक जोड्या मोडून घेतल्या तेव्हा कुठं 1950 ला जमलं. स्नोबोर्डचं, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद फळी, त्याचं उलटं. 1965 च्या नाताळात मिशिगनमधी शर्मन पॉपेन नावाच्या बापानं पोरींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, त्याचं स्नर्फर नावाचं खेळणं झालं, तिथून पुढं सगळा स्नोबोर्डचा धंदा. भाऊ ते वाचून म्हणला आपण पण बोर्डच करू, एकच फळी, जोडी जुळवायची भानगड नाही. पण बोर्ड रुंद, म्हणजे साचा नवा, नळ्या जास्त, दाब दुप्पट-तिप्पट, गर्डर अजून जाड. जालन्याच्या भंगारवाल्याला हा माणूस सगळ्यात आधी कळला असणार.

एक खर्च असा आहे की ज्याच्यावर मी हसत नाही. एपॉक्सी कातडीला वारंवार लागलं की कधीतरी अंग त्याच्यावर उठतं, आणि एकदा अॅलर्जी झाली की ती बहुतेक जन्मभराची. भाऊच्या मनगटाला पुरळ आलं तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा आवाज चढवला, एसीवर नाही, गर्डरवर नाही, ह्याच्यावर. त्यानंतर तो कोपरापर्यंत मोजे घालतो आणि त्यांचा हिशोब वहिनी ठेवते.

दुसरी जोडी सरळ निघाली. मग बर्फ. सचखंड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, पुढं बसनं मनाली आणि सोलंग. स्लीपरच्या डब्यात गोणपाटात गुंडाळलेली ती लांबडी वस्तू बघून कुणी विचारलं शटरच्या पट्ट्या का, कुणी म्हणलं निशाणाची काठी का, वाटेतल्या लंगरवाल्या सेवेकऱ्यानं काही न विचारता जास्तीची भाजी वाढली. चालली म्हणे स्की. किती चालली ते नीट सांगत नाही, व्हिडिओत तो आधी दिसतो, मग नुसता बर्फ दिसतो, मग हसण्याचा आवाज.

परवा आला होता घरी, वही घेऊन. आता त्यानं नवीन गणित मांडलंय. साचा, प्रेस, कंप्रेसर हा खर्च एका जोडीवर टाकला म्हणून महाग दिसतंय, दहा जोड्यांवर टाकला तर एक जोडी बाजारभावाच्या खाली येते. माल तर दहा जोड्यांचा आहेच. फक्त मराठवाड्यातून स्की घालणारी माणसं शोधायची, आणि किती कडक करायची हे ज्याच्या त्याच्या वजनावर ठरतं. असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"तुझं वजन किती रे आता?"

मी सहा किलो कमी करून सांगितलं.