दुसरी सीडी

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

ओंकार जे बोलला, त्यात लागण्यासारखे खरे तर काही नव्हते. चित्रपट संपला, मी घसा खाकरला, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो म्हणाला, "पप्पा, तुमचं मत मला माहीत आहे." स्वरात उर्मटपणा अजिबात नव्हता. म्हाताऱ्या माणसाची रात्रीची गोळी कोणती हे घरातल्यांना पाठ असते, तशी समजूत होती, आणि बहुधा तीच लागली. जेवणे झाली, दाजी आणि आत्ती गेले, ही झोपली, तरी ते वाक्य कानातून जात नाही, म्हणून वही उघडली.

चित्रपट २००१ चा, 'द फास्ट अँड द फ्युरिअस', त्या लांबलचक मालिकेतला पहिला. ओंकारने पुढचे सगळे भाग पाहिलेले आहेत. हा राहिला होता, आणि "पाहायचा तर मूळचा पाहावा" असे मीच मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो. सुरुवातीला मी माहितीही पुरवली, की १९९८ साली 'व्हाइब' मासिकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांवर एक लेख आला होता, त्यावरून हे सुचले आणि चित्रपटाने ती दुनिया लॉस एंजेलिसला नेऊन ठेवली. कोणी विचारले नव्हते.

माझे मत असे, की शेवट चुकला. वेष पालटून टोळीत शिरलेला पोलीस ज्याला पकडायचे त्याच्याच हातात गाडीची किल्ली देतो आणि सायरन जवळ येत असताना त्याला जाऊ देतो, याला मैत्री म्हणायचे की कर्तव्यात कसूर? हे मी आजवर किती जणांना ऐकवले असेल याची मोजदाद नाही. ओंकारला तर तो शाळेत होता तेव्हापासून ऐकवतो आहे. तेव्हा त्याला ते माहीत असणारच, त्यात त्याचा दोष काय? तरीही एखाद्याचे मत विचारण्याचीसुद्धा गरज उरू नये, इतका मी कधी संपलो, हा प्रश्न काही सुटत नाही.

दाजींना मात्र त्याने आवर्जून विचारले. दाजींनी कथेकडे लक्षच दिले नव्हते. उद्यमनगरात इंजिनांचे बोअरिंग-होनिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर घासून नीट करण्यात उमर गेलेला माणूस, ते गिअर मोजत बसले होते. "पाव मैल म्हणजे चारशे मीटर. धा सेकंदाचं काम. पाच गिअरच्या गाडीला ह्यो गडी टाकतोयच, टाकतोयच. हे वरचे गिअर आणले कुठनं?" मग त्यांनी तांबड्या रश्श्याची रिकामी वाटी घेतली, तिच्यात अंगठा वरखाली केला आणि वेग वाढवायला इंजिनात सोडतात तो नायट्रस समजावून सांगितला. तो वायू स्वतः पेटत नाही. सिलिंडरच्या उष्णतेने तो फुटतो, त्यातून जादा ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून जादा पेट्रोल जाळता येते, मात्र तो दाब सोसला नाही तर पिस्टनला भोक पडते. अंगठ्याला लागलेला तवंग ताटाच्या कडेला पुसत त्यांनी निकाल दिला, "सगळं खोटं हाय. पण लई भारी हाय." एका दमात दोन उलटी मते, आणि ओंकार खूश.

आत्तीला तर शर्यतीतले काहीच दिसले नाही. घरामागच्या अंगणात सगळे जेवायला बसतात आणि जो पहिल्यांदा ताटाला हात घालतो त्याला प्रार्थना म्हणावी लागते, एवढेच तिला भावले. "चोर असूदेत, वळण हाय," ती म्हणाली. यावरही कोणी वाद घातला नाही.

आणि ओंकारचे मत? बापलेकांनी मिळून बांधलेली नऊशे अश्वशक्तीची काळी डॉज चार्जर गाडी गॅरेजमध्ये उभी असते, बाप शर्यतीत गेलेला असतो, आणि ही गाडी आपण कधी चालवलेली नाही, हिची भीती वाटते, असे टोळीचा तो दांडगा म्होरक्या कबूल करतो. त्या एका प्रसंगामुळे चित्रपट आवडला, असे तो म्हणाला. मला तो प्रसंग आठवेना. नंतर ध्यानात आले, की त्या वेळी मी त्याला ती गाडी १९७० चे मॉडेल असल्याचे सांगत होतो.

जाता जाता दाजींनी चिमटा काढलाच. "कायद्याचं एवढं वाटतंय, तर २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं बैलगाडा शर्यतीची बंदी उठवली तवा पेढे कुणी वाटलं?" मीच वाटले होते. त्या शर्यती न्यायालयाने अटी घालून सुरू केल्या आणि या बिनपरवान्याच्या, असा फरक मला सुचला तेव्हा ते जिना उतरून गाडीला किक मारत होते.

इथवर लिहिले आणि एक गोष्ट आठवली, जिच्यामुळे मघापासून एकटाच हसतो आहे.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो राजारामपुरीतल्या खोलीवर, सीडी भाड्याने आणून. एका चित्रपटाच्या तेव्हा दोन सीड्या येत. दुसरीवर ओरखडे होते. नारिंगी सुप्रा आणि काळी चार्जर रेल्वे फाटकाकडे सुसाट निघाल्या, आगगाडी दिसली, आणि पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन झाले. शर्टाला पुसून पाहिली, फुंकर मारली, काही उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही चौघांनी मिळून शेवट ठरवला, की पोलीस त्याला बेड्या घालतो. पुढे कधीतरी कुणीतरी खरा शेवट सांगितला आणि मी तिथल्या तिथे म्हणालो, की मग शेवट चुकला.

म्हणजे तो शेवट मी आज रात्री पहिल्यांदा पाहिला. दोन्ही गाड्या आगगाडीच्या पुढून निसटतात, चार्जर ट्रकवर आदळून उलटते, आणि किल्ली देताना हा म्हणतो, की दहा सेकंदांत पाव मैल कापणाऱ्या गाडीचे तुझे देणे आहे. पहिल्याच शर्यतीत हरलेले ते देणे. हे मला कोणी सांगितलेच नव्हते. त्या क्षणी खोलीत कोणी बोलत नव्हते, मीसुद्धा नाही, आणि त्यानंतर मी घसा खाकरला तो मत देण्यासाठी की आणखी कशासाठी, ते आता नेमके सांगता येत नाही.

सकाळी ओंकारला हे सांगावे, असे वाटते आहे. सांगितले तर न पाहिलेल्या शेवटावर इतकी वर्षे बोलत आलो हे कबूल करावे लागेल, आणि दुपारच्या आत ते उद्यमनगरात दाजींच्या लेथपर्यंत पोचलेले असेल.