प्रश्न अहवालाबाहेरचे हवेत

आमच्या कौन्सिलच्या आरोग्य छाननी समितीची बैठक असली की मी नागरिकांसाठीच्या खुर्च्यांत जाऊन बसते. इंग्लंडमध्ये अशा समितीतले निवडून आलेले स्थानिक नगरसेवक एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) अधिकाऱ्यांना समोर बोलावून जाब विचारू शकतात, ही फार मोलाची सोय आहे.

मागच्या बैठकीत मात्र जाडजूड अहवाल आला आणि प्रश्नही त्यातलेच निघाले. रुग्णालयातून रात्री घरी सोडलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी गोळ्या कोण देतं, हे कुणी विचारलंच नाही.

इंग्लंडमधल्याच स्टॅफर्ड शहरातल्या रुग्णालयातली भयंकर हेळसांड रुग्णांच्या नातेवाइकांनी चव्हाट्यावर आणली. स्थानिक छाननी समित्यांना ती दिसली नाही. या प्रकरणाच्या चौकशीच्या २०१३च्या फ्रान्सिस अहवालाने या समित्यांवर स्पष्ट ठपका ठेवला. नातेवाईक तर हाकेच्या अंतरावर होते!

त्यात सेवांमधल्या मोठ्या बदलांचं प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे सोपवण्याचा समित्यांचा अधिकार जानेवारी २०२४मध्ये गेला. आता मंत्र्यांना विनंती कुणीही करू शकतं, पण विनंती आणि अधिकार यांत फरक आहेच. मला हा बदल पटलेला नाही.

पुढच्या बैठकीसाठी मी लेखी प्रश्न दिलाय: घरी सोडलेल्या रुग्णांशी समितीतलं कोण स्वतः बोललंय?