वात वळतेस ना, तेवढंच बळ

रविवारी सकाळी साडेसातला पेटीचरखा, म्हणजे पेटीत मिटणारा छोटा चरखा, स्कूटरवर पायाशी ठेवते आणि सूत कातायला सहकारनगरला मैत्रिणीच्या गच्चीवर जाते. सतरंजी, थर्मासभर चहा आणि आम्ही सहा जण. दोन वर्षांत हा नेम फार क्वचित मोडला.

सुरुवातीचा महिना मी घरी एकटीच व्हिडिओ बघून कातत होते. हातभर सूत झालं की तुटायचं. त्यात एका ठिकाणहून मागवलेले पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजून वळलेल्या कापसाच्या वळ्या, गाठाळ निघाले, आणि दोष माझ्या हाताचाच असं वाटून चरखा माळ्यावर जायच्या बेतात होता. गच्चीवर पहिल्याच दिवशी काकूंनी त्यातला एक पेळू उलगडून उन्हाकडे धरला. "अगं, हा नीट पिंजलेलाच नाही. तू काय करणार?" त्या पंचाहत्तरीच्या आहेत, शाळेत त्यांना टकळीवर सूत कातायचा तास असायचा. आपल्या डब्यातला पेळू माझ्या डाव्या हातात देऊन म्हणाल्या, "आवळू नकोस. देवासाठी वात वळतेस ना, तेवढंच बळ."

वात! कापूस चिमटीत धरून पीळ देणं मी आजीच्या मांडीला मांडी लावून शिकले होते. हाताला ते येतच होतं, कुणी आठवण करून दिली नव्हती एवढंच.

उजव्या हाताने चाक फिरतं, डावा हात मागे सरत जातो. पेळूतून कापूस सुटतो तेव्हा सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. पीळ आधी बारीक जागी बसतो. जाड जागा सैल राहते, म्हणून हात आणखी मागे नेला की तीच ताणली जाऊन बाकीच्या सुताच्या बरोबरीला येते. हे डोळ्यांदेखत घडतं आणि मला अजूनही त्याची भूल पडते. मग चाक किंचित उलटं फिरवायचं, चातीच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या बारीक सळईच्या, टोकावरचे वेढे सोडवायचे, हात वर घ्यायचा आणि सूत चातीवर भरायचं. पुन्हा पेळू.

गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना या पेटीचरख्याला आकार दिला, म्हणून तो येरवडा चरखा. पुण्यात राहून हे मला चरखा हातात आल्यावर कळलं. येरवड्याच्या पुलावरून जाताना आता दर वेळी त्याची आठवण होते.

कातलेलं सूत मोजायचं ते असं: चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. माझी पहिली गुंडी साडेतीन आठवड्यांनी पुरी झाली. एप्रिलमध्ये हवा कोरडी पडली आणि सूत पुन्हा तुटायला लागलं, तेव्हा काकूंनीच शेजारी ओला टॉवेल वाळत घालायला सांगितलं. दमटपणाने कापसाला बळ येतं.

आमच्यातला एक जण माण तालुक्यातला. एकदा त्याने दख्खनी मेंढीची काळी लोकर आणली. हाताला खरखरीत, तिला मेंढीचा वास. त्यातच एक छोटी पुडी वेगळी बांधलेली होती: जावळ, कोकराची पहिली कातरलेली लोकर. बाळाचं जावळ म्हणतो तोच शब्द. ती पुडी सगळ्यांच्या हातातून फिरली आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्याची आजी ही लोकर कातायची, घोंगडी विणणारे सनगर समाजाचे लोक घोंगडं विणायचे आणि चिंचोक्याची खळ द्यायचे. ते घोंगडं अजून त्यांच्या घरी अंथरतात.

या दिवाळीत आम्ही सहा जणांनी एकेक गुंडी एका विणकराकडे दिली. उभे धागे मिलच्या सुताचे, आडवे आमचे. दोन पंचे निघाले. गच्चीवर ते पसरले तेव्हा प्रत्येक जण वाकून आपापला पट्टा शोधत होता. काकूंचा लगेच कळला, इतका सारखा. माझा त्याच्या शेजारीच आहे. डोळे मिटून हात फिरवला तरी सापडतो, तिथे कापड जरा जाड लागतं.