साडेआठचं भोक

आज सकाळच्या मीटिंगमध्ये टीममधलं सगळ्यात नवं पोरगं म्हणालं, "सर, फिक्स्चरच्या ड्रॉइंगमध्ये माझी चूक झालीये. एम १० च्या टॅपला साडेआठ मिलिमीटरचं भोक हवं, मी आठ टाकलंय." (फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब घट्ट धरणारी जोडणी, टॅप म्हणजे भोकात बोल्टसाठी आटे पाडणारं हत्यार; एम १० म्हणजे दहा मिलिमीटरचा बोल्ट.) सगळे माझ्याकडे बघायला लागले. दहा वर्षांपूर्वी नाशिकच्या याच अंबड एमआयडीसीत मी त्याला तिथेच सोलून काढलं असतं. (आजही शब्द ओठांवर आलेच होते.) पण म्हटलं, "बरं झालं बोललास, अजून मटेरियल मशीनवर चढलं नाहीये."

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलांच्या अभ्यासात दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होते. कारण तिथे लोक सांगतात.

तासाभरात आणखी दोघांनी आपली ड्रॉइंग पुन्हा उघडली. एकाचं रिव्हिजनच (ड्रॉइंगची आवृत्ती) जुनं निघालं!

जेवणाच्या सुट्टीत मिसळ माझ्याकडून. पोरानं रस्सा दुसऱ्यांदा मागितला नाही, अजून घाबरलेलंच होतं.